रंग वाळेपर्यंत

धोरण बदलायचे म्हटले की सरकारला एक सही पुरते. त्यानंतरची सगळी मेहनत रेघोजींच्या गुडघ्यांवर येऊन पडे. स्थलांतर कार्यालयाच्या फरशीवर रंगीत रेघा ओढणे हे त्यांचे काम. आश्रय मागायला आलेल्याने कोणत्या रेघेवरून कोणत्या खिडकीपर्यंत जायचे, नातलगांकडे राहायला आलेल्याने कोणत्या, आणि ज्यांना परत पाठवायचे त्यांनी कोणत्या, हे तिथे रंगांनी सांगत. येणाऱ्यांच्या भाषा इतक्या, की पाट्या लिहीत बसण्यापेक्षा जमीन रंगवणे सोपे, असा शोध कोणा हुशार माणसाने लावला होता. अशा हुशारीला त्या खात्यात कधीच तोटा नव्हता.

रेघोजी हे त्यांचे खरे नाव नव्हे. खरे नाव कार्यालयातल्या कोणाच्याही जिभेवर नीट बसले नाही, म्हणून शिपायाने हे ठेवले, आणि हाताखाली रेघ वाकडी झालेली ज्याला खपत नाही, त्याला ते इतके शोभून दिसले की घरी बायकोसुद्धा रागावली की त्यांना रेघोजी म्हणू लागली.

ते स्वतः या कार्यालयात प्रथम आले ते आश्रय मागायलाच. त्या वेळी 'स्वागत' धोरण चालू होते आणि रेघ हिरवी होती. मायदेशी ते निवडणुकीच्या भिंती रंगवत. ज्याची भिंत असेल त्याची घोषणा. पुढे सत्ता एका रात्रीत लष्कराकडे गेली. नव्या मंडळींनी घोषणा पुसल्या आणि त्या लिहिणाऱ्याला शोधायला निघाली. शोधायला वेळ लागला नाही. रेघोजींच्या प्रत्येक अक्षराच्या शेवटी मांजराच्या शेपटीसारखा एक झोकदार वळसा असे, आणि त्या शेपटीवरून सगळे गाव त्यांना ओळखत होते. वडिलांनी हजारदा बजावले होते, "अक्षर लिही, नखरे करू नकोस." नखरे केले आणि देश सोडावा लागला. हिरव्या रेघेवर उभे असताना त्यांना आपल्या पुढल्या आयुष्याची चिंता कमी आणि ती रेघ डावीकडे सरकत चालली आहे याची तळमळ जास्त लागली होती. मुलाखतीत त्यांनी आपली सारी हकीगत सांगितली आणि शेवटी, "आणखी काही सांगायचंय का?" या प्रश्नाला उत्तर दिले, "तुमची रेघ तिरकी आहे." आश्रय मिळाला आणि पाठोपाठ नोकरीही.

त्यानंतर मंत्री बदलले. 'स्वागत' गेले आणि 'शिस्त' आली. हिरवी रेघ खरवडून निळी आली. सगळी वळणे काटकोनात असावीत, असे लेखी कळवण्यात आले. मागचे दार कोणी पळून जाऊ नये म्हणून दुसऱ्या एका खात्याने मोहोरबंद केले, आणि ते खाते पुढे बंद झाल्यामुळे दार उघडण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नाही. मग 'गती' आली. निळी रेघ खरवडून पिवळे बाण आले. बाणांवरून लोक झपाझप आत येत आणि त्याच जुन्या खुर्च्यांवर तितकाच वेळ बसून राहत. धोरणांची घोडदौड चालू होती. मुलाखत घेणाऱ्या बाई मात्र पहिल्यापासून एकच होत्या.

आणि मग ती दुपार आली.

नव्या मंत्र्यांना रेघा हा प्रकारच लेचापेचा वाटला. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या पावलापासून जरब बसली पाहिजे, म्हणून मुख्य दारापासून आतल्या दालनापर्यंतची सगळी वाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लालभडक करावी, रंगाचे दोन हात देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रीमहोदय स्वतः तिच्यावरून चालतील. त्याच आदेशात, अगदी सहज आठवल्यासारखा, एक नियमही होता. आजवर ज्याचा भाऊ किंवा बहीण इथे स्थायिक आहे त्याचे म्हणणे इथेच ऐकले जाई. आता तसे नाही. आज कार्यालय बंद होईपर्यंत ज्यांची मुलाखत सुरू झालेली नसेल, त्यांना ज्या देशातून ते इकडे आले त्या देशात परत धाडले जाईल. आपले म्हणणे त्यांनी तिथून मांडावे.

दालनातल्या खुर्च्यांवर त्या दुपारी जे लोक बसले होते, त्यांच्यात अगदी शेवटच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घट्ट धरून, रेघोजींची थोरली बहीण बसली होती.

ताई आठवड्यापूर्वी पोहोचली होती. आई होती तोवर तिने देश सोडला नाही. आई गेली, आणि मग दोन सरहद्दी ओलांडून, मधल्या देशातल्या तंबूत एक हिवाळा काढून ती इथवर आली. त्या तंबूत परत जायचे म्हणजे काय, हे तिच्या खोकल्यावरून कळत होते. निवासगृहात तिला भेटायला गेलेल्या रेघोजींना मध्ये काच असल्यामुळे तिचा आवाज ऐकू आला नव्हता, फक्त हातवारे दिसले होते, आणि ते हातवारे लहानपणी जेवणाआधी हात न धुतल्यावर होत तेच होते. आज मध्ये काच नव्हती.

"साहेब, लोक आत आहेत," रेघोजी अधीक्षकांना म्हणाले. "लोक गेल्यावर रंगवतो. म्हणजे आतून सुरुवात करून दाराकडे—"

"वाळणार कधी मग?" अधीक्षकांनी उद्यासाठी घेतलेले नवे बूट सरावासाठी आजच घातले होते आणि ते चावत असल्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द कळवळून येत होता. "लगेच सुरू करा. एका भिंतीकडची वाट मोकळी ठेवा, लोक तिकडून जातील. एवढंही मीच सांगायचं?"

रेघोजींनी डबा उघडला. रोलरला लांब दांडी लावली. आतून सुरुवात करावी म्हणून दालनाच्या उंबऱ्याशी आले, तोच मागून हाक आली.

"कुठं चाललास?"

"काम करतोय, ताई."

"ते दिसतंय. इथून सुरू केलंस तर लांब लांब जाशील. तिकडून सुरू कर आणि इकडे ये. किती वर्षांनी भेटतोयस आणि पाठ फिरवून पळतोस!"

चार धोरणे आणि तीन मंत्री ज्यांनी गुडघ्यांवर झेलले, त्या माणसाची ताईपुढे काय बिशाद! ते मुकाट्याने मुख्य दारापाशी गेले आणि तिथून रंगवत आत येऊ लागले. जसजसे जवळ आले, तसतसे बोलणे ऐकू येऊ लागले.

"जाडा झालास."

"बायको छान करते स्वयंपाक."

"म्हणजे मी वाईट करत होते?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

"आईची साखरेची बरणी तू फोडलीस, आणि मार मी खाल्ला. लक्षात आहे ना?"

"मी? ताई, ती मांजरानं पाडली!"

"मांजरानं! मांजर शिडी लावून चढलं होतं का माळ्यावर? शिडी कोणाची? तुझी, रंगकामाची!"

रेघोजींच्या हातात दांडी होती आणि मनात बरणी. खाली रोलर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होता, परतत होता, पुन्हा जात होता. माणसाचे डोके भांडत असले की हात आपल्या सवयीने काम करतात, आणि रेघोजींच्या हातांना अर्धवट जागा सोडण्याची सवय नव्हती. "मांजरच होतं," असे शेवटचे ठासून सांगत त्यांनी दालनाच्या उंबऱ्याशी रोलर टेकवला, मान वर केली आणि मागे पाहिले.

दारापासून उंबऱ्यापर्यंत एकसंध, ओली, लखलखीत लाल जमीन. मोकळी वाट कुठेच नाही. ते स्वतः आत, ताई आत, वाट पाहणारे सगळे आत. आणि खोलीचे दार उघडून लंगडत बाहेर आलेले अधीक्षकही आत.

"हे काय?" अधीक्षक म्हणाले.

"रंग," रेघोजी म्हणाले.

"ते कळतंय मला! बाहेर जायचं कसं?"

"वाळेपर्यंत... नाही जायचं."

अधीक्षकांनी एक पाय उचलला, लाल जमिनीवर धरला आणि तसाच अधांतरी ठेवला. उद्या मंत्रीमहोदय येणार. त्यांच्या पायाखाली ज्याच्या बुटाचा ठसा सापडेल, त्याची बढती त्या ठशातच रुतून बसेल, हे त्यांना लख्ख दिसले. पाय परत आला. पलीकडे, मुख्य दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाने ओरडून विचारले, "साहेब, फळी टाकू का?"

"खबरदार! ठसा उठेल!"

"मागचं दार?" दुभाष्याने विचारले. सगळ्यांनी त्याच्यावरच्या मोहोरेकडे बोट दाखवले.

घड्याळात कार्यालय बंद होण्याची वेळ झाली. मुलाखत घेणाऱ्या बाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी सगळा प्रसंग एकदा डोळे भरून पाहिला आणि पेनाचे काढलेले टोपण परत लावले नाही. "पुढचे कोण?" त्या म्हणाल्या.

"पुढचे कोणी नाही! कार्यालय बंद झालंय."

"कुठं झालंय?" बाईंच्या आवाजात कित्येक वर्षांची मुरलेली गोडी होती. "मागे मी एकदा लवकर निघाले, तेव्हा तुम्हीच मला सगळ्यांसमोर सुनावलंत. मुख्य दाराला कुलूप लागेपर्यंत कार्यालय सुरूच समजायचं, म्हणालात. लागलंय का कुलूप?"

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. कुलूप बाहेर, कडीला लोंबकळत होते. किल्ली अधीक्षकांच्या खिशात होती. खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली; एका कोपऱ्यात कोणी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकावाटे बाहेर पडले.

"किल्ली फेकतो!" अधीक्षक ओरडले. "शिपाई, झेल! बाहेरून कुलूप लाव!"

"आणि तुम्ही आत, साहेब?"

"मी... ते नंतर बघू! आधी लाव!"

त्यांनी किल्ली फेकली. आवेश मोठा होता, पण ऐन फेकीच्या क्षणी उजवा बूट चावला. किल्लीने हवेत एक केविलवाणी गिरकी घेतली आणि उंबऱ्यापासून जेमतेम चार पावलांवर, लाल रंगात, चपक् आवाज करून पोटापर्यंत बुडाली.

त्यानंतर दालनात जे झाले, त्याला कार्यालयीन भाषेत शब्द नाही. महिनोन् महिने ज्यांच्या ओठांचा कोपराही हलला नव्हता, अशी माणसे एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून हसू लागली. कोणाची भाषा कोणाला कळत नव्हती; पण किल्ली सगळ्यांना कळली. दुभाष्याला त्या दिवसात पहिल्यांदाच काही काम उरले नाही. एक म्हातारेबुवा हसता हसता खुर्चीवरून घसरले, त्यांना उचलायला गेलेले दोघे त्यांच्याशेजारी बसले. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "या, पुढचे या," आणि कामाला लागल्या.

त्या दिवशी मुलाखती जशा झाल्या तशा कधी झाल्या नव्हत्या. बाईंना घरी जायची घाई नव्हती, कारण घरी जाताच येत नव्हते. अधीक्षकांनी बूट काढले, मोजे काढले आणि भिंतीशी टेकून बसले. एका बाईने आपल्या पिशवीतला टोस्ट त्यांच्या पुढे केला. त्यांनी आधी नको म्हटले आणि मग दोन खाल्ले. खिडकीतून उन्हाळ्याचे लांबलचक ऊन आत येत होते. एकामागून एक खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या.

आणि तेच ऊन जमीनही वाळवत होते.

हे रेघोजींच्या फार आधी लक्षात आले होते. दाराकडचा भाग कधीच वाळला होता. त्याची ओली झळाळी जाऊन तिथे मऊ चकाकी आली होती. ती चकाकी हळूहळू पुढे सरकत उंबऱ्याकडे येत होती. ताईच्या आधी अजून एक कुटुंब होते. नवरा, बायको, बायकोची आई, आणि तिघांची तीन मते. बाईंच्या खोलीतून त्यांचा गलका येत होता. लवकर संपण्यातला नव्हता तो.

अधीक्षक उठले. उंबऱ्याशी वाकले, एक बोट जमिनीला टेकवले आणि वर धरले. बोट स्वच्छ होते.

"वाळला!" ते म्हणाले आणि बूट शोधू लागले. "चला, उठा सगळे! शिपाई, किल्ली काढायला ये!"

ताईने मान वळवून भावाकडे पाहिले. तिने न बोलता बघावे, असा प्रसंग रेघोजींच्या आयुष्यात आजवर आला नव्हता. मांडीवरची पिशवी तिने जरा वर ओढून घेतली, प्रवासाला निघताना घेतात तशी.

रेघोजींनी रोलरकडे पाहिले. पहिला हात वरवर वाळला असला, तरी आतून कच्चा आहे, हे त्यांना ठाऊक होते. कच्च्या हातावर दुसरा हात दिला की खालचा रंग फुगतो, वरचा आक्रसतो, आणि सकाळपर्यंत सगळ्याला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. असले काम त्यांनी जन्मात केले नव्हते. कोणी केलेले दिसले, तर ते चार दिवस जेवताना त्याचीच निंदा करत.

"साहेब," ते म्हणाले, "दुसरा हात राहिलाय."

"असू दे. उद्या."

"उद्या सकाळी तर मंत्री येणार. ओल्यावर चालतील का ते?"

अधीक्षकांचा एक पाय बुटात गेला होता; दुसरा वाटेतच थबकला.

"आदेशात दोन हात लिहिलेत," रेघोजी खाली मान घालून पुढे म्हणाले. "एकच दिला, तर खालची फरशी पांढरी झळकते. सकाळच्या उजेडात, अगदी त्यांच्या पायाखाली."

"मग मारा की!" अधीक्षक कडाडले. "बघत काय उभे राहिलात? प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? मारा, लवकर मारा!"

रेघोजींनी रोलर डब्यात बुडवला. लांब दांडीने उंबऱ्यापासून जितके पुढे पोहोचता येईल तितके, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्यांनी रंग चोपडला. किल्ली मध्ये आली. तिच्यावरूनही रोलर फिरवला. आपल्याच हाताने आपले नाव मातीत घालताना माणसाला दुःख व्हावे. रेघोजींना मात्र गुदगुल्या झाल्यासारखे वाटत होते, आणि ओठ मिटून धरण्यासाठी त्यांना मोठी कसरत करावी लागत होती.

अधीक्षकांनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली, ताठ उभे राहिले आणि पाऊल टाकायला निघाले.

मग थांबले.

मग त्यांनी रेघोजींकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले. शेवटी ते खाली बसले आणि पुन्हा नाडी सोडू लागले. "टोस्ट आहे का अजून?" त्यांनी विचारले.

ऊन भिंतीवर चढून नारिंगी झाले, तेव्हा ताईचा नंबर आला. दार बंद झाले. पण ताईचा आवाज बंद दाराला जुमानणारा नव्हता. दुभाष्याने भाषांतर करण्याआधीच तो सगळ्या दालनाला ऐकू येत होता, आणि कळत होता एकट्या रेघोजींना.

"बटणांचं दुकान होतं माझं. पाटी भावानं रंगवलेली. तो पळाला तेव्हा ते आले. म्हणाले, ही शेपटीची अक्षरं पुसून टाक. मी म्हटलं, का पुसू? तुमच्यात कोणाला इतकं छान येतं का लिहिता? ... हो, असंच म्हटलं. ... मग दुकान फोडलं. मी पाटी तेवढी उचलून घरी आणली. मग घर फोडलं. ... नाही, त्याला नाही कळवलं. त्याला कळवून काय होणार? रडत बसला असता, हळवा आहे तो. ... भीती? बाई, भीती वाटली नसती तर इथं कशाला आले असते मी, बरणीचा हिशेब करायला?"

रेघोजी डब्यावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्याच वेळी हसूही फुटत होते. शेजारचे म्हातारेबुवा त्यांची पाठ थोपटत आपल्या भाषेत बहुधा हेच सांगत होते, की माणसाने असे दोन्ही एकदम करू नये, उचकी लागते.

सकाळी किल्ली कानशीने खरवडून काढावी लागली. जमिनीवर, उंबऱ्याच्या अलीकडे, अपेक्षेप्रमाणे सुरकुत्या पडल्या होत्या. अंघोळ लांबलेल्या बोटांसारखी सगळी लाली चुरगळली होती. मंत्रीमहोदय आले, चालत चालत तिथवर पोहोचले आणि थबकले.

"हे काय?"

अधीक्षकांचे बूट चावत होते, रात्रीची झोप झाली नव्हती, आणि अशा अवस्थेत माणसाला सुचू नये ते सुचते. "घसरू नये म्हणून, महोदय. खास पृष्ठभाग आहे."

मंत्रीमहोदयांनी टाच दाबून पाहिली. घसरली नाही. "उत्तम," ते म्हणाले. "सगळ्या कार्यालयांत असंच करा."

अशा रीतीने, ज्या माणसाला आयुष्यभर सुरकुती खपली नाही, त्याला पुढचे दीड वर्ष गावोगावच्या कार्यालयांत फिरून सरकारी खर्चाने सुरकुत्या पाडाव्या लागल्या. त्या सुरकुत्यांना आदेशात 'सुरक्षा-पोत' असे नाव आहे आणि त्यांच्या तपासणीसाठी एक समितीही नेमली गेली आहे. परत पाठवलेल्यांचे पुढे काय होते, हे पाहायला मात्र अजून कोणतीही समिती नाही.

ताईची मुलाखत कुलूप लागण्याआधी सुरू झाली होती, म्हणून तिचे म्हणणे जुन्या नियमाने ऐकले गेले. निकाल यायला पानगळ उजाडली. तो घ्यायला दोघे भाऊबहीण कार्यालयात गेले. खिडकीतून कागद मिळाला, ताईने तो पिशवीत ठेवला, आणि दाराकडे जाताना ती अचानक थांबली. चपलेच्या टोकाने तिने एक सुरकुती दाबून पाहिली, मग दुसरी.

"हे कोणी केलं?"

"मी, ताई."

"तू? असलं?"

"हो."

"बाबांनी कान उपटला असता तुझा. भर चौकात. अरे, कच्च्यावर दिलास ना दुसरा हात? लाज नाही वाटली? बायकोला सांगते घरी गेल्यावर, थांब. आणि ती बरणीसुद्धा सांगते."

"मांजर होतं गं ते."

"चल पुढं. शेजारच्या खोलीत राहायचंय मला आता, रोज विचारणार आहे मी तुला, मांजर कोणाच्या शिडीवरून चढलं ते."

रेघोजी पुढे चालू लागले. त्या एवढ्या वाकड्यातिकड्या जमिनीवरून ते पहिल्यांदाच खाली न बघता चालले होते.